दाराआडचं जेवण

११ फेब्रुवारी

आजपासून अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया! हनुवटीखाली, मानेमागे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना. केसासारख्या बारीक आहेत, तरी मी खिडकीकडे बघत बसले. हे मात्र शांत. साध्या इंजेक्शनला लहान मुलासारखा हात ओढून घेणारा माणूस!

सुईवाल्या डॉक्टरीणबाई उगाच गोड बोलत नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं — पक्षाघाताच्या झटक्यानंतर गिळणं गेलेलं असतं, सुयांनी काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही. मग शेजारच्या खोलीत करंट. तिथली मुलगी यांच्या गळ्यावर चिकटपट्ट्या लावते, करंट वाढवत नेते आणि गळा थरथरला की म्हणते, "गिळा काका, आत्ता गिळा." हे सगळा जीव गोळा करून प्रयत्न करतात. तोंड वेडंवाकडं होतं. गळा हलत नाही.

मोठ्या डॉक्टरांनी मार्चअखेरीस तपासणी ठेवलीय. तोवर गिळता आलं नाही तर नाकातली नळी काढून पोटातच नळी बसवायची. मग तोंडाने जेवणं बहुतेक विसरायचंच. यांच्यासमोरच बोलले. यांना ऐकू नीट येतं, हे लोकांना कळतच नाही.

१२ फेब्रुवारी

दिवसभरात माझ्याशी बोललेली माणसं: रिक्षावाला. "सुट्टे द्या," म्हणाला.

१६ फेब्रुवारी

आपलं जेवण ही चोरी होऊन बसलीय.

यांचं जेवण पांढरं, पातळ. मी पिचकारीने नळीत सोडते. ते तोंडात जातच नाही, तर चव कुठली! आणि त्याच घरात मी बसून चावून-चावून खाऊ? म्हणून दोन वाजायची वाट बघते. दोनला हे डोळे मिटतात, अगदी शहाण्यासारखे. मग मी स्वयंपाकघराचं दार लावते, धूर ओढायचा पंखा सुरू करते, ओट्याशी उभी राहून पाव आणि उकडलेलं अंडं खाते. गरम काही करतच नाही, वास जातो. नंतर दात घासते. टीव्हीवर बिस्किटाची जाहिरात लागली तरी बदलते.

खरं सांगायचं तर भूक मला सडकून लागते. लाज वाटते, पण लागते. अशा बायकांच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणतात. माझ्या उतरतो. मूग गिळून बसायची वेळ आली असती तर तेवढंही यांना जमलं नसतं, आणि मी दाराआड दोन-दोन अंडी!

२२ फेब्रुवारी

रविवार. मुलाचा परदेशातून फोन. त्याच्या मते पोटातली नळी आत्ताच बसवून टाकावी. सुया-करंटसाठी रोजची ओढाताण कशाला, तू आजारी पडलीस तर कोण आहे तिथे? तो चुकीचं बोलत नाही. "आई, स्वतःकडे बघ जरा," म्हणाला. बघितलं. आरशात एक बाई होती, केस न विंचरलेली.

फोन यांच्या कानाशी धरला. यांनी घशातून घुर्र असा आवाज काढला. उजवा हात पडलेला, त्यामुळे लिहूनही सांगता येत नाही. मुलगा पलीकडून "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहिला. त्याला काय कळलं असेल? मला तरी कुठे कळतं. बेचाळीस वर्षं या माणसाच्या बोलण्याला वैतागले, आता एका शब्दासाठी तोंडाकडे बघत बसते.

२७ फेब्रुवारी

करंटवाली आज वैतागली. यांचं तोंड कोरडं ठणठणीत. मला एकटीला बाहेर नेऊन तिने विचारलं, घरी स्वयंपाकाचा वास येतो तेव्हा काकांच्या तोंडाला पाणी सुटतं का?

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की वास येऊच देत नाही! दार, पंखा, दात घासणं, सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल.

ती म्हणाली, "काकू, तोंडात लाळच आली नाही तर हे गिळायला शिकणार कशावर?"

थुंकी गिळणं हीच यांची तालीम. करंट सुरू असताना पाच-दहा वेळा, उरलेला दिवस घरी. आणि घरी मी दुष्काळ पाडून ठेवलेला. एवढं जपलं, आणि हे करून ठेवलं. रिक्षात यांच्याकडे बघवेना.

२८ फेब्रुवारी

यांच्यासमोर जेवले. बटाटे परतले, कांदा घातला. खुर्ची पलंगाजवळ ओढली. पहिला घास घेतला आणि यांच्याकडे बघितलं — डोळे भरलेले. दुसरा घास घेववेना. ताट उचलून आत गेले, दार लावलं.

नाही जमायचं मला हे. कसाई नाही मी.

१ मार्च

दार लावून पाव.

४ मार्च

पाव.

५ मार्च

नणंदेचा फोन. तिला सगळं सांगून बसले, हात दाखवून अवलक्षण. "त्याच्यासमोर जेवलीस? अगं, मन कसं झालं तुझं?" फोन ठेवल्यावर भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

यांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत. यांच्याजवळ बसणारी मी एकटी.

६ मार्च

सुईवाल्या बाईंना विचारलंच. सुया लावता लावता त्या म्हणाल्या, रडू येणं वाईट नाही, पण दिवस थोडे उरलेत. तुमच्याने बघवत नसेल तर बघू नका, भिंतीकडे तोंड करून जेवा. पण तिथे जेवा.

जेवले. भिंतीकडे तोंड करून. कांदा चांगला तांबूस केला होता, घरभर वास. भिंतीवरचा डाग बघत चावत राहिले. मागून एक आवाज आला, बारीक, गटक् असा. वळून बघितलं नाही. भीती वाटली.

७ मार्च

पुन्हा आला!!

१३ मार्च

आता तोंड यांच्याकडे करून जेवते. हे माझ्या ताटाकडे बघतच नाहीत, माझ्याकडे बघतात. लाळ इतकी की रुमाल पुरत नाही. निम्मी बाहेर, निम्मी आत. आत गेली की गळ्याचं हाड वर जाऊन खाली येतं. करंटवालीने बोट ठेवून बघितलं आणि मशीनवरचा आकडा कमी केला. तेवढ्या करंटवरही गिळलं.

ठसका लागला की माझाच श्वास अडकतो. श्वासनळीत गेलं तर छातीत कफ, मग हॉस्पिटल, आगीतून फुफाट्यात. तेही विसरून चालत नाही.

२० मार्च

आवाज बदललाय. घुर्र गेलं. आज "पंखा" म्हणाले. मी पंखा मोठा केला. मग बंद कर म्हणून खुणावलं. म्हणजे बंदच करायचा होता! भांडलो असतो एरवी.

३० मार्च

तपासणी झाली. नाकातून कॅमेरा घातला, मग चमचाभर कुस्करलेलं केळं दिलं. गेलं. दुसरा चमचाही गेला. पाण्याला मात्र ठसका, ते अजून घट्ट करूनच द्यायचं. मोठे डॉक्टर पोटातल्या नळीबद्दल म्हणाले, "सध्या राहू द्या." सुयांनी झालं, करंटने झालं, कांद्याने झालं की आपोआपच झालं असतं, हे त्यांनाही सांगता येईना. नाकातली नळी हळूहळू काढतील.

मुलाला कळवलं. त्याच्याकडे कामाची वेळ होती, संध्याकाळी बोलतो म्हणाला. करंटवालीचा दुसरा पेशंट आला होता. एवढी मोठी गोष्ट, आणि सांगायला कोणी नाही. शेवटी यांनाच सांगितली — "अहो, तुम्ही गिळलंत!" यांनी मान हलवली, जसं काही मीच बातमी आणली.

९ एप्रिल

आज पहिल्यांदा एक अख्खं बोलणं कळलं. मी स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने लागू नये म्हणून खाली कागदाची घडी सारत होते. पलंगावरून थांबत थांबत म्हणाले, "दुपारी... दार लावून... रडायचीस. पंखा लावायचीस... ऐकू येऊ नये म्हणून. म्हणून मी... झोपेचं सोंग करायचो. तुला... मोकळं रडता यावं."

मी जाऊन पलंगावर बसले. म्हटलं, "अहो, मी जेवत होते."