अपूर्वाची अर्धी अंगाई

३ नोव्हेंबर, सोमवार
एकदाची कामाला लागले, आणि तेही दादरमध्ये! वाद्यांच्या दुकानात दुरुस्ती विभाग, प्रभादेवीला तिघींत एक खोली. आल्या आल्या हिंदमाताला जाऊन दोन कुर्तेही घेतले. चिपळूणला आईला फोन करून सगळी बढाई मारली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि नेहमीचंच विचारलं, जेवलीस का. मुलगी चंद्रावर गेली तरी ही हेच विचारेल.
पहिलं काम उद्या. शिवाजी पार्कला कर्णिकांकडे डिजिटल पियानो आहे, आत अख्खा कॉम्प्युटर असलेला. सुरू करताना कंपनीच्या चिन्हावरच अडकतो म्हणे. साहेबांना म्हटलं, चुटकीसरशी करून येते.

४ नोव्हेंबर, मंगळवार
घरात काका-काकू दोघंच. पियानो त्यांच्या मुलीचा, अपूर्वाचा. ती गेल्या उन्हाळ्यात पियानो वाजवता वाजवताच गेली. काकू तेव्हा भाजी आणायला खाली उतरल्या होत्या.
बिघाड साधा निघाला. डिस्क गच्च भरलेली, अपडेट अर्धवट. साफसफाई केल्यावर पियानो सुरू झाला आणि पडद्यावर प्रश्न आला: मागच्या वेळी पियानो नीट बंद झाला नव्हता, रेकॉर्डिंग तिथूनच पुढे सुरू करायचं का? आम्ही अशा वेळी डोळे मिटून 'नाही' दाबतो. काकूंनी माझं मनगट धरलं.
मग काकांनी सांगितलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन चढलं, गुरुजी कंटाळले, लग्नाचं बोलून झालं, देवाचं बोलून झालं. शेवटी काका हात जोडून म्हणाले, "बाळ, तुझा पियानो बंद पडू देणार नाही." तेव्हा शिवला.
मी 'हो' दाबलं. काकू लहानपणी तिला म्हणायच्या ती अंगाई वाजू लागली. काकूंच्या वाढदिवसासाठी ती रेकॉर्ड करत होती. मध्येच सूर थांबले, स्टूल सरकलं, आणि तिचा आवाज आला: "आई, पाणी दे ना."
पुढे काही नाही. कोणीतरी पुढचं वाजवावं म्हणून पियानो वाट पाहत राहिला. काकू आत गेल्या आणि पाण्याचं भांडं भरून घेऊन आल्या. पियानोपाशी तशाच उभ्या राहिल्या. मला रडू आवरेना.

६ नोव्हेंबर, गुरुवार
कितीही वेळा बंद करून सुरू केला तरी त्याच जागी अडकतो. रेकॉर्डिंगची कॉपीही होत नाही. उपाय एकच दिसतो: कोणीतरी अंगाई पुरी वाजवायची, म्हणजे ती सेव्ह होईल आणि पियानो नीट बंद होईल. शाळेत पेटी शिकले होते, तेवढं जमेल. काकू चाल गुणगुणतात, मी बोटं फिरवते.
जाताना त्यांनी अळूवडी वाढली. अळूनं माझा घसा खाजतो, आजवर कधी तोंडाला लावलं नाही. आज मागून घेतली. अपूर्वाला फार आवडायची, काकू म्हणाल्या.

८ नोव्हेंबर, शनिवार
काकूंनी गुणगुणायच्या आधीच बोटं पुढच्या सुरावर जातात. मी वाजवलेलं परत ऐकलं. माझ्या हातांखाली आणखी दोन हात वाजत होते.
तहान लागते सारखी. बाटलीभर प्यायले तरी घसा कोरडाच.
काकांनी जिन्यात गाठून सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. वर म्हणाले, आमची गेली ती गेली, तुला आई आहे. डोळे भरले होते त्यांचे. मला राग आला. आपल्याच घरातून असं कोणी घालवतं का?

१० नोव्हेंबर, सोमवार
बॅग घेऊन इथेच आले. काका बोलत नाहीत. काकूंनी केसांना तेल लावून दिलं.
चिपळूणहून कुणा बाईचा फोन आला होता. जेवलीस का, विचारत होती. मी म्हटलं, राँग नंबर. ती रडायला लागली. मला बाळ म्हणाली— आवाज काही ओळखीचा वाटला नाही.
उगीच वाईट वाटलं.

११ नोव्हेंबर
शेवटची ओळ राहिली. डावा हात पट्ट्यांवरून उचलता येत नाही, उजव्यानं लिहितेय.
काकांनी प्लग काढला. पियानो चालूच—

छातीत दुखतंय. पाणी मागितलं. तिच्याच शब्दांत मागितलं, माझ्याच तोंडानं—
आई भांडं भरायला आत धावली. या वेळी ती घरातच आहे. या वेळी पोचेल—

फोन वाजतोय. पडद्यावर नाव आहे, 'आई'. मग आत गेली ती कोण—

चिपळूण. अंगण. तिचा आवाज— आठवला, आता आठवला—

काका, फोन घ्या. ती विचारेल. तिला सांगा, जेवले गं, पोटभर जेव