भाऊसाहेबाला नामंजूर असलेला फेरफार

कळंब, भर उन्हाळा.

चि. रणधीरराव यांस, तुमचे सासरे अंबादास यांचे अनेक आशीर्वाद.

इथं सगळं क्षेम आहे, तुमच्याकडंही असावं. (पत्रात असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. इथलं काही एक ठीक नाही, ते पुढं येईलच.) अश्लेषाचं पित्त कसं आहे? तिला म्हणावं चहा कमी कर. ऐकणार नाही, पण म्हणावं. आणि तुमच्या हाताचं काय झालं? मागं फोनवर म्हणालात, की सकाळची शाळा आटोपून दुपारी जरा पडलं, की उठताना एक तळवा ओलाचिंब असतो. अहो, तुळजापूरचा उन्हाळा आहे, घाम येणारच. एकच तळवा कसा, असं तुम्ही विचारलंत. माणूस एका कुशीवर झोपतो, एकीकडंच घामेजतो, त्यात काय एवढं? तेव्हा सांगितलेली चंदनाची पावडर लावता ना? लावत जा. पोरांना विज्ञान शिकवणाऱ्यानं असल्या गोष्टीचा बाऊ करू नये.

पत्र कशाला, फोन का नाही, असं वाटेल. तुमचा फोन अश्लेषा उचलते, स्पीकरवर टाकते आणि पोळ्या लाटत लाटत ऐकते. मग रविवारी इथं येऊन माझं डोकं ठिकाणावर आहे का ते बघते. म्हणून हे पत्र शाळेच्या पत्त्यावर धाडतोय. वाचून खिशात ठेवा.

विषय भाऊसाहेबाचा आहे. (कुत्र्याचा, माझा नव्हे. तुमचा अजूनही घोळ होतो.) तलाठी म्हणून जन्म काढला, सगळा तालुका मला भाऊसाहेब म्हणायचा, रिटायर झालो आणि दुसऱ्या दिवसापासून भाजीवालासुद्धा काका म्हणायला लागला. तेव्हा तुमच्या सासूबाईंनी एक पिलू आणलं आणि त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं. का, तर म्हणे घरातला शब्द घरात राहावा! मी आठवडाभर बोललो नाही तिच्याशी. ती 'भाऊसाहेब, जेवायला चला' म्हणाली, की आम्ही दोघंही उठायचो, आणि आधी त्याला वाढलं जायचं.

दिवाळीनंतर माझी शामला गेली, हे तुम्हाला काय सांगायचं. त्याच थंडीत भाऊसाहेबाचे डोळे दुधाळ दिसायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं. म्हणाले, आतला पडदा गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, हळूहळू सगळंच दिसायचं बंद होईल. पण घाबरू नका, घरातली वस्तू जागची हलवू नका, कुत्र्याच्या डोक्यात घराचा नकाशा पक्का असतो, त्यावर ते चालतं. नकाशाचं मला लगेच पटलं, आमचं खातंच ते. पुढं म्हणाले, तुम्ही कुठं आहात हे त्याला कळावं म्हणून पायात घुंगरू बांधा.

बांधले. डाव्या पायात. (उजव्यात संधिवात आहे.) एकदा तसाच दूध आणायला बाहेर पडलो. आता येरमाळ्याच्या देवीची यात्रा नुकतीच झालेली, कपाळाला पूजेचं कुंकू, पायात घुंगरू, हातात पिशवी, असा म्हातारा दारावरून गेला तर बायाबापड्यांनी काय समजावं? समोरच्या नव्या भाडेकरणीनं 'आराधीबुवा, थांबा' म्हणून हाक मारली, सुपातून पीठ आणून जोगवा म्हणून पिशवीत ओतलं आणि पाया पडली. मी काय करणार? देवीच्या नावानं आलेल्याला नको म्हणू नये. आशीर्वाद दिला आणि घरी आलो. (पीठ चांगलं होतं. दूध राहिलंच.)

आता मुद्द्याचं. हे सगळं दिवसाउजेडी बघितलेलं आहे, आणि मी चष्मा लावलेला होता.

शामलाचा लोखंडी पलंग मधल्या खोलीत पंख्याखाली असायचा. आजारपण सगळं त्यावरच काढलं तिनं. तेराव्याला तो पलंग, गादी, उशी, छत्री, तांब्या, सगळं शय्यादानात तुम्हाला दिलं; आपल्यात जावयालाच देतात. टेम्पो गेला, खोली मोकळी झाली. भाऊसाहेबानं ती जागा हुंगली आणि दुसऱ्या दिवसापासून तिथून सरळ चालायला लागला. तेव्हा त्याला दिसत होतं. आता तो स्वयंपाकघरातून निघतो, पंख्याखाली आला की थांबतो, पायथ्याकडनं वळसा घालतो, कडेकडेनं जातो आणि मग दाराकडं निघतो. दिसत होतं तोवर पलंग नव्हता. दिसेनासं झालं तसा पलंग परत आला.

पहिल्यांदा मी हसलो. माणूस गेला, की सातबाऱ्यावरचं त्याचं नाव कमी करायला फेरफार घालावा लागतो. जन्मभर मी तेच केलं. म्हणलं, या भाऊसाहेबानं आपला फेरफार मंजूर केलेला दिसत नाही, जुन्याच नकाशावर वहिवाट चालू आहे. पण मग तो त्या पलंगाखाली जाऊन झोपायला लागला. मोकळ्या फरशीवर झोपलेलं कुत्रं कसं उठतं? आळोखेपिळोखे देत उठतं. हा पोट फरशीला घासत सरपटत बाहेर येतो, काठाबाहेर आला की मगच पाठ ताठ करतो. एकदाही चुकत नाही. एकदा कुकरची शिट्टी झाली, तसा दचकून उठायला गेला आणि वर डोकं आपटल्यासारखा खाली बसला. आपटल्याचा आवाज आला नाही. मी कान देऊन ऐकत होतो.

स्वयंपाकाला येणाऱ्या धुरपदाबाईनं हे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. 'काका, बाई कुटं गेल्याच न्हाईत की वो!' तेव्हापासून ती तेवढी जागा सोडून झाडते. आता फरशीवर धुळीचा पलंग उमटलाय, चारी कोपरे नीट, मोजणीवाल्यालाही जमले नसते असे. मी तिला रागावलो, असल्या खुळचट समजुती माझ्या घरात चालायच्या नाहीत म्हणलं, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. वळसा घालून. हे तिनं बघितलं.

मग रामकिसन आला, माझ्या वेळचा कोतवाल. सोयाबीनच्या भावाबद्दल तावातावानं बोलत तो त्या जागेतून सरळ चालत आला. जन्मात कुणावर न गुरगुरलेला भाऊसाहेब दात काढून गुरगुरला. रामकिसननं खाली बघितलं, धूळ बघितली, माझ्याकडं बघितलं. 'माफी असावी वैनी,' म्हणाला, आणि पलंगावरनं उडी मारावी तशी उडी मारून बाहेर गेला. चहा घेतला नाही. चपला अजून इथंच आहेत.

इथवरच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण रणधीरराव, भाऊसाहेब जेवत नाही हो. आजारपणात शामलाचा हात पलंगाच्या काठावर असायचा. दुपारी तो काठावर हनुवटी टेकून तिचा हात चाटत बसायचा, आणि मग ती त्याच हातानं त्याला भाकरीचा घास द्यायची, खवा लावून. आता रोज दुपारी तो उशाशी जाऊन उभा राहतो. खाली ताट ठेवलं तर हुंगतसुद्धा नाही. बरगड्या वर आल्यात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पावसाळा बघायचा नाही. ते कुत्रं माझं कधीच नव्हतं, हे मी सगळ्यांना सांगत आलो. पण त्या हाकेला आम्ही दोघं उठायचो, आता तेवढा एकच सोबती उरलाय, आणि तोही गेला तर या घरात मी कुणाशी भांडू?

म्हणून परवा दुपारी हिय्या केला. लाइट गेलेली, पंखा बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सतरंजी टाकली आणि त्या जागेत जाऊन उताणा पडलो. म्हणलं, इथं आता मी आहे, हे त्याला एकदा कळू दे. पाय हलवून घुंगरू वाजवले. तो आला. वळसा घालून आला. उशाशी थांबला, माझ्या तोंडाला तोंड लावलं नाही. मान उचलली आणि पलंगाच्या उंचीला, माझ्या तोंडाच्या वर, हवेत हनुवटी टेकली. टेकली म्हणतो, कारण धरलेली मान थरथरते, ही थरथरत नव्हती. मग त्यानं जीभ काढली आणि चाटायला लागला. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून फिरवावी तशी. शेपटी हलत होती. तरी धीर करून मी भाकरीचा तुकडा धरून हात वर केला, त्याच उंचीला. त्यानं हुंगला, आणि नाकानं हळूच बाजूला सारला. नामंजूर!

असो. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. पत्रात कुठं तसा वास आला तर तो उन्हाचा परिणाम समजावा. धाकट्यांना पापा, अश्लेषाला आशीर्वाद, आणि हे पत्र तिच्या हाती लागू न देण्याइतके तुम्ही हुशार आहात, असं समजून थांबतो.

तुमचा,
अंबादास

ता.क. – दान दिलेली वस्तू परत मागत नाहीत, आणि जावयाकडं तर नाहीच नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून पलंग परत मागत नाही, उसना मागतो. शाळेला सुट्टी लागली की टेम्पोत घालून आणा. गादी-उशी राहू द्या. छत्री तर तुम्ही एसटीत विसरलातच.

आणखी ता.क. – पाकीट बंद करणार, तेवढ्यात भाऊसाहेब उशाशी जाऊन आला. त्या पलंगावर तुमची दुपारी पडायची वेळ हीच ना? तुमचा ओला होतो तो तळवा डावा आहे का हो? शामलाचा डावा असायचा. तसं असेल तर नुसता पलंग पाठवू नका, तुम्हीही या. चार दिवस दुपारी इथं त्यावर पडा आणि त्या हातानं त्याला एक घास द्या. तुमच्या हातचा तो घेईल. वरती पावडरीचं लिहिलंय ते खोडायचं राहिलं, ते मनावर घेऊ नका. आत्ता त्यानं तोंड माझ्या मांडीवर ठेवलं, तर मिशांना पांढरं लागलेलं होतं आणि चंदनाचा वास येत होता. लावू नका. उपाशी पोटात जाते त्याच्या.