राजासमोर वजीर, आणि कॉम्प्युटर गप्प

नागपूर, सोमवार, जुलै १९८६

तीर्थरूप धोंडबामामांना व मामींना रुपरावचा सविनय जय भीम.

मामींचा गुडघा कसा आहे? खाणीतून निवृत्त झाल्यावर तुमची सकाळ कशी जाते? आमच्याकडे सर्व ठीक, फक्त माझे डोके सोडून. आणि ते का ठिकाणावर नाही हे सांगायलाच हे पत्र. मामा, आमच्या कॉलेजातला कॉम्प्युटर बुद्धिबळ खेळतो! दिसायला टायपरायटरला टीव्ही जोडल्यासारखा (त्याला वेगळा पंखा आहे, मला साधी खिडकी नाही). प्रोग्राम गणिताच्या अरुंधतीबाईंनी लिहिला. येत्या रविवारी मोठे पाहुणे तो बघायला येणार. नीट खेळला तर आमच्याकडे राहील, नाहीतर विभागप्रमुख भैय्याजी त्याला पगारपत्रके छापायला धाडतील. माझा जीव टांगणीला लागला आहे.

आता गंमत ऐका. सुरुवातीच्या खेळ्या या बाबाला सुचतात, पण तोवर आपला चहा गार होतो. म्हणून त्याच्या पोटात पहिल्या खेळ्यांचे पुस्तक भरतात. पुस्तक म्हणजे पाने-बिने नव्हेत हं! कोणते मोहरे कोणत्या घरावर, यासाठी एकेक भलामोठा आकडा ठरलेला असतो. ते सगळे आकडे एकत्र घोटले की त्या मांडणीचा मिळून एक आकडा होतो. पुस्तकात फक्त तो आकडा, त्यापुढे खेळी, आणि ती किती आवडती ते. (आवडत्या खेळीच्या चिठ्ठ्या जास्त टाकायच्या आणि डोळे मिटून एक उचलायची, तसे. म्हणून दर वेळी तोच डाव पडत नाही.) आकडे सगळे चढत्या क्रमाने. समोर पट आला की यंत्र त्याचा आकडा काढते, पुस्तक बरोबर मध्यावर उघडते, आपला आकडा मागे की पुढे ते पाहते, नको ते अर्धे सोडून देते, उरलेल्याचा पुन्हा मध्य. आपण शब्दकोशात शब्द शोधतो तसे. सापडला की खट्कन खेळी! आणि घोडा आधी काढा की उंट आधी, शेवटी मांडणी तीच झाली तर आकडाही तोच. हे कळले तेव्हा मी टेबलावर अशी थाप मारली की बाईंची दौत सांडली.

पुस्तक भरण्याचे काम मी मागून घेतले. आणि डाव कोणाचे भरले असतील? तुमचे! लहानपणी कन्हानला तुमच्या ओट्यावर बसून पाहिलेले. पडद्यावर मांडणी करायची, तिची खेळी सांगायची, पुन्हा मांडणी, पुन्हा खेळी. आज रंगीत तालीम झाली. भैय्याजींनी पांढरे प्यादे ऐटीत पुढे सारले आणि यंत्र गप्प. चांगलेच गप्प.

"हे काहून बोलून नाही राहिलं?" भैय्याजी म्हणाले.

शेवटी त्याने कडेचे एक प्यादे हलवले, ज्याचा कशाशी काही संबंध नव्हता. पुढेही तेच. पुस्तकातला एक आकडा सापडेल तर शपथ! अरुंधतीबाईंनी सावकाश माझ्याकडे पाहिले. "रुपरावजी, पट कसा मांडला होता जी तुमी?"

मी छाती काढून सांगितले, "मामांनी शिकवला तसा. राजासमोर वजीर."

बाईंनी कपाळाला हात लावला. कॉलेजात नव्या पद्धतीने राजासमोर राजा मांडतात. म्हणजे पहिल्या मांडणीपासूनच आकडा वेगळा, आणि मी भरलेले अख्खे पुस्तक दुसऱ्याच पटाचे! मला आधी घाम फुटला आणि मग असे हसू फुटले की भैय्याजी उठूनच गेले. रविवारपर्यंत सगळे नव्याने भरणे शक्य नाही.

मामींना सांगा, औषध वेळेवर घ्या.

आपला भाचा,
रुपराव

ता. क. – तेव्हा रविवारी तुम्हीच या. पट आपल्या पद्धतीने मांडू, म्हणजे यंत्राला पुस्तक सापडेल. फक्त राजाची ती डावात एकदाची घोड्यासारखी उडी मारू नका, यंत्राच्या नव्या नियमांत ती बसत नाही. आणि पुस्तक संपल्यावर त्याने पहिल्याच चालीत प्यादे दोन घरे टाकले, तर आपल्यात एकच घर चालते म्हणून पट उधळू नका. पाहुणे बसलेले असतील.

ता. क. दुसरा – कॉलेजच्या फळ्यावर तुमचे नाव लिहून झाले आहे. नाही म्हणायची सोय नाही.

ता. क. तिसरा – नत्थूजी वारल्यापासून तुम्ही पटच काढला नाही, असे मामी सांगत होत्या. "आता कोनासंगं खेळू गा?" म्हणता म्हणे. मामा, यंत्राकडे काळी मोहरी आहेत. ओट्यावर तुमच्यासमोर काळी घेऊन रोज नत्थूजीच बसायचे, तेव्हा पुस्तकातली काळ्याची प्रत्येक खेळी त्यांची आहे. तुम्ही चाल करा, थोडा वेळ तरी तेच उत्तर देतील. या.