धाकट्याने नेलेली बाटली

१२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी साहेबी कशी चालली आहे? इथे माझ्या लाँड्रीचे बारा वाजायची वेळ आली आहे. मागच्या माळावर तुमचं खातं नदीचं पाणी नळ्यांनी जमिनीच्या पोटात साठवायला लागल्यापासून माझ्या विहिरीचं पाणी तांबूस येतंय. हॉस्पिटलच्या चादरी पिवळ्या निघतात. परवा मेट्रनबाईंनी एक उजेडात धरून विचारलं, की ही धुतली आहे की चहात बुडवली आहे.

त्या कामाच्या परवान्याआधी माझ्या विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्यायला तूच आला होतास. जेवून सुस्तावलास आणि कंटाळा करून स्वयंपाकघरातल्या नळाचीच बाटली भरून नेलीस. त्या नळाला फिल्टर आहे रे. तेव्हा मला हसू आलं होतं. आता कचेरीत लेखी तक्रार देणार आहे, आधी तुझ्या कानावर घालते. प्रकृतीला जप.

तुझी ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पंप तासभर चालवून थेट विहिरीचं पाणी घ्यायचं, असा नियम आहे. खडकात लोह असलं तर ते बाहेरच्या पाण्याने सुटतं आणि विहिरीला तांबूस पाणी येतं; तुझ्या फिल्टरने तेच गाळलं. त्या नमुन्यात थोडंही लोह दिसलं असतं, तर परवाना मिळालाच नसता.

तुझ्या तक्रारीवरून चौकशी लागली तर माझी नोकरी गेलीच समज. एवढ्यात काही लिहून देऊ नकोस. मी आतल्या आत निस्तरतो, शब्द देतो. लहानपणापासून माझी बाजू तूच सावरलीस, एवढी एक वेळ सावर.

तुझ्याच भरवशावर असलेला,
धाकटा

४ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद द्यायची सवय जात नाही, म्हणून दिले असं समज.

तुझ्या शब्दाखातर अडीच महिने तोंडाला कुलूप लावलं. हॉस्पिटलचं काम एप्रिलमध्येच गेलं. कामावरच्या दोघींना घरी बसवलं. त्यातली थोरली रडली, मला मान वर करता आली नाही. शेजारचा न्हावी तक्रार लिहून सही मागायला आला होता, त्यालाही मीच थोपवलं.

काल तुमचा शिपाई विहिरीवर नोटीस चिकटवून गेला. साठवलेलं पाणी कुणी उपसू नये म्हणून आसपासच्या विहिरी पंधरा दिवसांत बुजवायच्या आहेत. खाली सही तुझी. तुझं अक्षर मीच गिरवून घेतलं होतं, ओळखायला चष्माही लागला नाही. पाणी बिघडल्याची एकही लेखी तक्रार या भागातून आलेली नाही, असं त्यात तू लिहिलं आहेस.

लोभ असावा असं लिहायला हात वळत नाही.

ताई