पेंटरची भूक

१२ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

इतके दिवस ताप नि खोकला चालला होता. सहासष्टाव्या वर्षी असं व्हायचंच, म्हणून डॉक्टर परत पाठवायचे. अखेर तोंडात पांढरा थर आला, तेव्हा एका पोरसवदा डॉक्टरणीने रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. तिने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच गं.

मग पेंटरचंही तपासलं. त्याच्या अंगात तो दहाएक वर्षं असावा, आमच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून, आणि बिचाऱ्याला पत्ताच नाही. तो अजून शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवतो. मला मात्र लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच कात्री दोन्ही हातांनी धरावी लागते. कुठले पडदे शिवणार? असं का? तू शाळेत विज्ञान शिकवतेस, तर सांग.

तो भिंतीकडे तोंड करून बसलाय. त्याच्यावर रागावू नकोस.

तुझीच,
मावशी

२० जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रागावले होते, खोटं कशाला सांगू? मग इथल्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, आजाराशी लढणाऱ्या नव्या पेशी तिथे तयार होतात. वयाबरोबर ती आक्रसते. पेंटरकाकांना लागण झाली तेव्हा ते चाळिशीत होते, त्यामुळे झीज बरीच भरून निघत राहिली. तुला झाली तेव्हा भर घालणारंच थकलं होतं. औषधांनी विषाणू दबेल. पेशी हळूहळू वाढतील, वाढल्या तर.

हा धडा मी वर्गात घडाघडा शिकवते, आणि तुझ्यासाठी मला काहीच करता येत नाही. गोळ्या चुकवू नकोस. माझ्यावरचा लोभ तेवढा पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी

९ जून

चि. ठमीस,
आशीर्वाद.

मावशीला पेन धरवत नाही, म्हणून मी लिहितोय. निमोनियाने ती पुन्हा वॉर्डात आहे. परवा डॉक्टरणीने सांगितलं की दोघांच्याही रक्तात विषाणू आता दिसत नाही. मी आनंदाने तिचे हातच धरले. मग डॉक्टरीण म्हणाली की माझ्या पेशी दुप्पट झाल्यात, मावशीच्या होत्या तिथेच आहेत.

मला भूक लागते गं. तिच्या खाटेशेजारी बसून डबा संपवतो आणि लाज वाटते. काल उघडलाच नाही, तर मावशी तापातसुद्धा खवळली. म्हणाली, मेल्या, दोघांपैकी एकाच्या तरी अंगी लागू दे. ती बघत होती तोवर चावत राहिलो.

तू ये. करण्यासारखं काही नाही, तरी ये. लोभ असू दे म्हणायला मला तोंड नाही.

पेंटर