पुसलेल्या तारखा

३० मे २०२५

शी. दिवसभर तोच प्रकार. माणसं आमच्या मेडिकलच्या काउंटरवर येऊन तोंडावर खोकतात आणि वर विचारतात, "म्याडम, नवा करोना आलाय म्हणं, खरं हाय का?" एकजण मास्क घ्यायला आला, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि शिंकला. गोळ्यांच्या ट्रेवर. सगळं पुसून काढलं, हात दोनदा धुतले, तरी किळस जाईना.

समजावून सांगते मी. हा नवा म्हणजे काही आकाशातून पडलेला नाही, ओमायक्रॉनच्याच घराण्यातला. धडधाकट माणसाला सर्दी, ताप, घसा— बरं होतं. पण घरातलं म्हातारं माणूस, शुगरवालं, किडनीवालं, त्यांना जपा. खोकला असेल तर बाजारात हिंडू नका. मास्क नाकावर लावा, हनुवटीवर नको. खिडक्या उघड्या ठेवा.

एकाने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "त्यापरीस एखादा काढा न्हाई का?"

१ जून

शेजारच्या पुष्पाकाकूंना खोकला झालाय. आठवड्यातून दोनदा दौंडला डायलिसिस, त्यामुळे घाबरल्या. सासूबाईंची आणि त्यांची जुनी गट्टी. दुपारभर दोघी आमच्या ओट्यावर लसूण सोलत बसतात. नवऱ्याने, गोरक्षने, दुकानातून करोना टेस्टचं किट पाठवलं— "शंका नको म्हणावं." मीच हातमोजे घालून काकूंच्या नाकात काडी फिरवली. एकच रेघ आली. निगेटिव्ह.

काकूंनी मला हात जोडले. मला बरं वाटलं. तरी मास्क लावूनच जा म्हटलं. "आता कशापायी गं?" असं म्हणत हसत गेल्या.

४ जून

आज बाजाराचा दिवस, दुकानात ही गर्दी. ओआरएसची पाकिटं संपली म्हणून मागच्या खोलीत गेले. दार लोटलेलं. आत थिनरचा वास. गोरक्ष खाली बसलेला, हातात कापसाचा बोळा, समोर टेस्ट किटची खोकी. खोक्यावरची तारीख पुसायची आणि वर नवं स्टिकर डकवायचं. इतकं मन लावून मी त्याला कधी काम करताना पाहिलं नव्हतं.

"दार लाव," म्हणाला.

मागच्या लाटेतला उरलेला माल. मुदत केव्हाच संपलेली. मी म्हटलं, अरे, जुन्या किटमध्ये आजार असला तरी दुसरी रेघ उमटेलच असं नाही. माणूस निगेटिव्ह समजून गावभर फिरेल.

"निगेटिव आलं की लोक खुशीत घरी जात्यात. पॉझिटिव कुणाला पायजे?"

"काकूंना दिलेलं?"

"ह्यातलंच."

ज्या हातांनी मी काकूंच्या नाकात काडी घातली ते हात बघवेनात. मोरीत जाऊन ते घासघासून धुतले.

बाहेर आले तेव्हा तो गल्ल्यावर बसला होता. गिऱ्हाईक गेल्यावर भिंतीकडे बोट केलं. तिथे माझा फोटो, माझं नाव, फार्मासिस्ट म्हणून. "लायसन तुझ्या नावाचं हाय. बोलायच्या आधी इचार कर."

दहा वर्षं या माणसाच्या ताटात वाढतेय मी.

५ जून

उशीर झाला. काकूंना खरं सांगायचं ठरवून सकाळी गेले तर दाराला कुलूप. सासूबाई ओट्यावर एकट्या. "पहाटंच नेली नगरला. धाप लागली हुती."

दुपारी कळलं— करोना. त्यातून मधे एक डायलिसिस करून आल्या होत्या, चार जणांच्या खोलीत, मास्क न लावता. मीच निगेटिव्ह सांगितलं होतं ना.

न राहवून सासूबाईंना सगळं सांगितलं. सोलता सोलता थांबल्या.

"अजून कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नको."

बस. एवढंच. पुन्हा लसूण सोलायला लागल्या. मैत्रीण तिकडे ऑक्सिजनवर, आणि यांना लेकाची अब्रू. आईचं काळीज म्हणतात ते हेच असेल तर नको मला ते.

७ जून

त्याने आज मटण आणलं. मी जेवले नाही. "नखरे," म्हणाला.

८ जून

खोकी त्याने कुठेतरी हलवली. शोधली, सापडत नाहीत. रोज थोडी थोडी आणून विकतोय. आज एक बाई किट मागायला आली, कडेवर तापलेलं लेकरू. मी हळूच म्हटलं, सरकारी दवाखान्यात जा, तिथे नीट तपासतील. त्याने ऐकलं. गिऱ्हाईकासमोर हसला, आणि ती गेल्यावर माझं मनगट असं पिळलं की अजून दुखतंय.

पुढच्या माणसाला त्याने किट दिलं. मी शेजारीच उभी होते. गप्प. त्याची किळस येते, हे लिहिणं सोपं आहे.

११ जून

काकू वाचल्या. ऑक्सिजन काढला.

गोरक्षने पेढे आणले. खरंच आणले. "बघ, झाली ना बरी? उगं बोंबलत हुतीस." सासूबाईंनी पेढा घेतला नाही, गोड सोसत नाही म्हणाल्या. उद्या नगरला जाऊन पुष्पाला बघून येते म्हणाल्या.

मला हायसं वाटलं. काकूंसाठी तर वाटलंच. पण आता तक्रार करायला नको, माझं लायसन्स राहील, पोरांची शाळा राहील— म्हणूनही वाटलं. औषध खात्याचा नंबर लावून दरवेळी मीच कट करत होते. आज तो मोबाईलमधून काढून टाकला.

शी. माझीच.

१३ जून

औषध खात्याची माणसं आली. थेट घरामागच्या गोठ्यात गेली, कडब्यामागून खोकी काढली. गोरक्ष माझ्या अंगावर धावून आला— "तूच केलंस!" सासूबाई मधे उभ्या राहिल्या. "तिला हात लावू नको. काल नगरला गेल्ते, तवा औषधाच्या हापिसात मीच सांगून आले. तिनं सांगितलं असतं तर तू तिला हाकलली असतीस. मला कुठं हाकलतूस? घर माझ्या नावावर हाय."

तो खाली बसला.

साहेबांनी विचारलं, दुकानाचे फार्मासिस्ट कोण?

मी, म्हटलं. माझा जबाब लिहून घ्या.