मुघल दरबारातली जागृतीची हळद

तळवली,
रविवार, दुपारची जेवणं आटोपून

ती. सगुणा आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. (कागदावरून ठेवते, म्हणून आशीर्वाद कमी देऊ नकोस.) गुडघा कसा आहे? डॉक्टरने जिने चढू नको म्हटल्यावर तू त्याच दिवशी गच्चीवर सुकट घालायला चढलीस, हे इथपर्यंत पोचलंय. आमच्याकडे आई बरी, बाबा बरे, भाडेकरू बरे, फक्त पाण्याची मोटर बरी नाही. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तर तुझा फोन असतो तुझ्या लेकाच्या, नामाच्या हातात, आणि नामा मेसेज वाचतो तो सगळ्या जासईला ऐकू जाईल असा. हे जरा खाजगी आहे.

मी कॉलेजात इतिहास घेतला तेव्हा घरात किती गोंधळ झाला ते तुला माहीतच आहे. बाबांचं म्हणणं, जे व्हायचं ते होऊन गेलं, आता त्यात पोरीने काय करायचं? शेवटी असं ठरलं की दिवाळीआधीच्या चाचणीत पास झाले तर इतिहास, नाहीतर मुकाट्याने कॉमर्स आणि मग बाबांच्या ऑफिसात भाडेपावत्या फाडणं. (भाडेपावत्या माझ्या स्वप्नातसुद्धा आल्या. पांढऱ्या बगळ्यांसारख्या खाडीवरून उडत चालल्या होत्या आणि बाबा बांधावरून त्यांना हाका मारत होते. तसं स्वप्न वाईट नव्हतं.)

आमच्या स्नेहल मॅडम चांगल्या आहेत. मऊ सुती साड्या नेसतात, हळू बोलतात आणि दर तासाला एकदा तरी म्हणतात, "हे तर तुम्हाला बारावीत झालंच आहे." तर ते झालेलं नाही, आत्या. मी सीबीएसईची (बाबांनीच केवढ्या हौसेने घातलेली). आमच्या वर्षी बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबाराचं प्रकरण काढून टाकलं. आमच्या आधीच्या मुलांना ते होतं. माझ्या शेजारी बसणारी संध्या बारावीनंतर एक वर्ष आजारपणात घरी होती, म्हणून तिने ते वाचलेलं. पलीकडे तेजस, करावे गावचा, स्टेट बोर्डाचा. त्याच्या बारावीत युरोप, जहाजं आणि महायुद्धं. मुघल त्याला शाळेत कधीतरी लांबून दिसले होते म्हणे. म्हणजे एकाच बाकावर तिघं, पण संध्याला आग्रा ओळखीचं, तेजसला बर्लिन, आणि मला मधली मोकळी जागा.

खरं सांगू? मला ती मोकळी जागा आवडायला लागली. मॅडम बोलायला लागल्या की वर्गाची भिंत हळूहळू लांब जायची, खिडकीतून तिवरांचा ओला वास यायचा आणि मी त्या काढलेल्या प्रकरणात शिरायचे. आत मोठमोठी दालनं, झिरझिरीत पडदे, कुठेतरी पाणी वाहतंय, माणसं ये-जा करतायत, पण एकालाही चेहरा नाही, कारण चेहरे मला कोणी शिकवलेच नव्हते. पुस्तकातून काढल्यावर ही माणसं राहायला कुठे जात असतील, असा विचार करत मी बसायचे. अशा वेळी माझी मान आपोआप डोलते. (वेणी घालताना तू त्यासाठीच टपल्या मारायचीस.) मॅडमना वाटलं, हिला सगळं कळतंय. अख्ख्या वर्गात मान डोलवणारी मी एकटीच. त्यामुळे चाचणी म्हणून 'दरबारातला एक दिवस' यावर सगळ्यांसमोर बोलायचं ठरलं, तेव्हा पहिलं नाव माझंच आलं.

नेटवर बघायचं होतंस, म्हणशील. बघितलं. एक जण म्हणतो नुसता सोन्याचा धूर, दुसरा म्हणतो नुसता अंधार, आणि खाली दोघं एकमेकांचे आईबाप काढतायत. लायब्ररीत गेले तर जाडजूड इंग्रजी पुस्तकं, आणि ज्याला प्रकरणच माहीत नाही त्याने उघडायचं कुठून? संध्याचं जुनं पुस्तक रद्दीत गेलेलं. सीवूड्सच्या मॉलच्या पायऱ्यांवर बसून तिने आठवेल तेवढं सांगितलं: जितका माणूस मोठा, तितकी त्याची जागा बादशहाच्या जवळ. नजराणे द्यायचे. वर झरोका. "बस. पुढचं परीक्षेत आलंच नव्हतं," म्हणाली.

तेवढ्यावर मी उभी राहिले. आणि एकदम समोर आली ती शिवाकाकाच्या मुलीची, जागृतीची हळद! तो मांडव, ते पिवळे दिवे, कोणाला पुढे बसवायचं म्हणून काकाची चाललेली धावपळ. मी बोलत सुटले.

"पहिल्या रांगेत सोफ्यावर कोण, यावरून दोन सरदार वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते."

"सोफ्यावर?" मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे त्या वेळच्या, मॅडम."

नजराणा दिला की देणाऱ्याचं नाव मोठ्याने पुकारायचे, आणि रक्कम ऐकून मागचे कुजबुजायचे, असंही मी सांगितलं. ("माइकवर काय?" असं मागून कोणीतरी विचारलं. मी लक्ष दिलं नाही.) आत्या, मला ते खरोखर दिसत होतं. इतके दिवस बिनचेहऱ्याने फिरणाऱ्या त्या माणसांना भराभर चेहरे येत होते, सगळे आपल्याच गावातले. शिवाकाका दाराशी हात जोडून उभा, मानपान न मिळालेले दोघं रुसून खांबाला टेकलेले, आणि वर झरोक्यात आपली पुतळाआजी, कोण जेवला नाही ते बघत. मग मी थांबले.

"हे कुठे वाचलंस, अमिता?"

"वाचलं नाही मॅडम. आमच्याकडची हळद होती."

मग जे हसू फुटलं ते पार कॅन्टीनपर्यंत गेलं असेल. मॅडम हसल्या नाहीत. "मान, रुसवे, नजराणे, पुष्कळसं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण तिथे कोणी बसत नसे. बादशहा बसायचा, बाकी सगळे उभे." मग त्यांनी विचारलं, "तू हे प्रकरण वाचलेलंच नाहीस?"

"आमच्या पुस्तकात नव्हतं."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"काय नव्हतं तेच माहीत नव्हतं, मॅडम."

तेजसने हात वर केला. "मॅडम, आमच्यातपण नव्हतं. पण आमच्यात दुसरंच काहीतरी नव्हतं." मग एकेक हात वर जायला लागला. मॅडम टेबलाच्या कडेला टेकल्या. "म्हणजे जूनपासून मी कोणाला शिकवतेय?" असं त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. मग उठल्या, फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दरबाराचं आपल्याला कळतं कसं, ते लिहिलं कोणी, लिहायला सांगितलं कोणी, आणि परक्या देशातून आलेल्याला तेच कसं निराळं दिसलं. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. मी मात्र थोडी उदास झाले. माझ्या दालनातून आपली माणसं एकेक करून निघून जात होती आणि खरी माणसं येऊन उभी राहत होती. पुतळाआजी सगळ्यांच्या शेवटी गेली.

चाचणी रद्द झाली. आता शनिवारी जादा तास, ज्याच्या पुस्तकात जे नव्हतं ते सगळ्यांनी मिळून शिकायचं, आणि परीक्षा दिवाळीनंतर. मी पास नाही, नापासही नाही. माझे गुण मॅडमनी राखून ठेवलेत.

नामाला आणि तुझ्या कोंबड्यांना माझी आठवण सांग. जिने चढू नकोस.

तुझी (अजून तरी इतिहासाचीच),
अमिता

ता. क. गुडघ्याची चौकशी खरी आहे, पण पत्र त्यासाठी नाही. बाबांनी 'दिवाळीआधी' म्हटलंय, आणि ते जगात फक्त तुला घाबरतात. उद्या ते जासईला येतायत. जेवताना सहज 'दिवाळीनंतर बघू' असं म्हणशील का? मासे वाढताना म्हण.

ता. क. दुसरं: पाकीट बाबांच्याच हाती देतेय. काळजी नको, दुसऱ्याचं पत्र ते उघडत नाहीत.

ता. क. तिसरं: बाय, मी तुजा भाव, तुळशीराम. पाकीट नीट चिकटला नव्हता. दिवाळीचा तू मना बोललीस आनि मी आयकला असा समज, पोरीला काय सांगू नको. एकच इचारायचा हाय. तिच्या पुस्तकानशी ता प्रकरन काढला म्हनून सगल्यांना समजला. आपली खाडी, आपली मिठागरा, ती कंच्या पुस्तकानशी काढली, का कदी घातलीच नव्हती, तेवरा तू तिला इचार. मी बाप हाय, मना इचारायला लाज वाटते.